मापाची जाहिरात

आमच्या विद्यापीठात एखादी जागा भरायची ठरली की कुलसचिवांच्या खोलीतून मला बोलावणं येतं. साहेब एक नाव सांगतात, कधी एखादा बायोडाटा टेबलावरून पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बड़े बाबू, ज़रा नाप ले लो." म्हणजे काय, तर त्या माणसाकडे कोणती पदवी आहे, कुठं किती वर्षं काढली आहेत, कोणतं प्रमाणपत्र आहे आणि कोणतं नाही, हे बघायचं आणि त्याच्याच अंगाला बरोबर बसेल अशी पात्रता जाहिरातीत लिहायची. बाकीचे शेकडोंनी अर्ज करोत. त्यांचा हात बाहीत जातच नाही.

मी स्थापना शाखेचा अधीक्षक. नेमणुका, बढत्या, बदल्या, सगळं माझ्या टेबलावरून जातं. आणि हे मापाचं काम माझ्यासारखं कुणाला जमत नाही याचा मला अभिमान होता. हे आधीच लिहून टाकतो, नंतर धीर होणार नाही. एकदा ड्रायव्हरची जागा होती. ज्याला घ्यायचं होतं तो पोरगा मसुरीला टॅक्सी चालवून आलेला. मी जाहिरातीत लिहिलं, 'पर्वतीय क्षेत्रात वाहन चालवण्याचा अनुभव अनिवार्य'. ग्वाल्हेरात गाडी चालवायची, पहाड म्हणून एक किल्ल्याची टेकडी, आणि तिथंही विद्यापीठाची गाडी कधी जात नाही. चहाच्या टपरीवर लेखाशाखेचा बाबू सगळ्यांसमोर म्हणाला, "बड़े बाबू का सिला हुआ है. दूसरे की बाँह फँस जाए तो काटनी पड़े." सगळे हसले. मीही हसलो. त्या अर्जांत कुणी वीस वर्षं बस चालवलेला असेल, कुणाच्या घरी आई आजारी असेल, असला विचार माझ्या मनात आला नाही. आता ते हसणं आठवलं की जिभेवर शिळ्या तेलाचा थर बसल्यासारखं होतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत अजून अभिमानानं सांगतात की आमचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात लिहिणारे होते. लहानपणी मला वाटायचं, लिहिणं म्हणजे काहीतरी स्वच्छ काम. हात मळत नाहीत.

मुलींच्या वसतिगृहात एक केअरटेकर होती. होती, म्हणजे गेल्या हिवाळ्यापर्यंत. तीही मराठीच, पण तिच्या घराण्यात सगळे फौजेतले. वडील मात्र दाल बाजारात एका धान्याच्या दुकानी हिशेब बघायचे. आमच्या मराठी समाजाच्या गणपतीत मी तिला फ्रॉकमध्ये आरतीचं ताट धरताना पाहिलं आहे. पुढे लग्न झालं, नवरा इंदूरला गेला आणि तिथंच दुसरं घर थाटून बसला. ती छोट्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. "दादा, काहीही काम द्या. पण रात्री पोरीला घेऊन राहता येईल असं."

वसतिगृहाला तेव्हा केअरटेकर हवीच होती आणि मंजूर जागा नव्हती. अशा वेळी आम्ही ठेकेदाराच्या एजन्सीकडून माणूस घेतो. एजन्सीशी झालेल्या करारात मुलींच्या वसतिगृहासाठी एकच प्रकार होता, 'अकुशल श्रमिक', म्हणजे झाडणारे-पुसणारे. मी तिचं नाव त्यात घातलं आणि तोंडी सांगितलं की तू केअरटेकरचं काम कर. फाटकाशेजारची खोली राहायला दिली. तिनं कागद पाहून विचारलं होतं, "दादा, यात तर मी झाडूवाली आहे."

"कागदावर काहीही असू दे. काम तर तुला केअरटेकरचंच करायचंय."

"चला, ठीक. तुमच्या घराण्याला सही करायला शिकवलं आणि आमच्या घराण्याला नुसतं मरायला. तुम्ही म्हणाल तिथं अंगठा."

असं बोलायची ती. तोंडाळ, हसरी. वसतिगृहातल्या मुली तिला आंटी म्हणत. एखादी मुलगी तापानं फणफणली की रिक्षात घालून दवाखान्यात नेणं, कुणाचा भाऊ म्हणून आलेला भाऊ आहे की दुसराच कुणी हे फाटकावर ओळखणं, मेसवाल्याशी भांडणं, सगळं तिनं केलं. तिची स्वतःची पोर त्याच खोलीत लहानाची मोठी झाली आणि बारावीत गेली. मला काका म्हणायची, पण अर्धं बोलणं हिंदीत. आमच्या इथली सगळीच मुलं तशी.

मग गेल्या पावसाळ्यानंतर केअरटेकरची नियमित जागा मंजूर झाली. वेतनश्रेणी, पेन्शन, आणि फाटकाशेजारची तीच खोली त्या पदाचं निवासस्थान म्हणून. बातमी कळताच ती माझ्या टेबलाशी आली. शाखेत गर्दी होती, म्हणून मराठीतच बोलली.

"दादा, मला माहीत पडलं, जागा निघतेय. मला मिळाली तर मिळाली. पण दुसरं कुणी आलं तर खोलीही जाईल ना? पोरीची बोर्डाची परीक्षा आहे."

"बघतो," मी म्हणालो. या एका शब्दावर मी सगळी नोकरी निभावली आहे.

साहेबांनी नाव सांगितलं ते कार्यपरिषदेच्या एका सदस्यांच्या मेहुणीचं. "बी.ए. हैं. घर पर ही रहती हैं. नाप ले लो."

घ्यायला मापच नव्हतं. अनुभव नाही, प्रशिक्षण नाही, नुसतं बी.ए. आणि मेहुणे. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की हे माप चुकीच्या माणसाचं घ्यावं. मी लिहिलं, 'महिला छात्रावासात केअरटेकर पदाचा किमान पाच वर्षांचा अनुभव अनिवार्य'. साहेबांना म्हणालो, सर, मुलींच्या सुरक्षेचा विषय आहे, अनुभव नाही घातला तर ऑडिटवाले आक्षेप घेतील. ऑडिटचं नाव काढलं की साहेब वाचत नाहीत, सही करतात.

जाहिरात लागली तेव्हा मी मुद्दाम वसतिगृहावरून घरी गेलो. फाटकाशी ती उभी होती. "अर्ज भर," मी म्हणालो. "तुझ्याच मापाची आहे."

तिला अर्थ लगेच कळला. विद्यापीठात हा शब्द कुणाला कळत नाही? तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन मुलीला म्हणाली, "काकांना पाणी दे."

संक्रांतीला तिच्याकडून गुळपोळ्यांचा डबा आला. माझी बायको म्हणाली, "बाई सुगरण आहे हो, कडेपर्यंत गूळ आहे." मी तूप घालून घालून खाल्ल्या. एखाद्याचं भलं केलं की भूक कशी लागते, ते मी तेव्हा अनुभवत होतो.

चूक काय झाली ती सांगतो. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणारही नाही. आमच्याकडे माणूस काय करतो याला अनुभव म्हणत नाहीत. नेमणूक देणारा जे लिहून देतो त्याला अनुभव म्हणतात. तिची नेमणूक एजन्सीची. एजन्सी लिहून देणार, अकुशल श्रमिक. नव्या बाबूंना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. तिला त्या प्रकारात घालणारा मी, जाहिरात लिहिणाराही मी, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी कधी आल्याच नाहीत. ती केअरटेकर आहे हे मला रोज दिसत होतं, म्हणून ते कुठं लिहिलेलं नाही याचा विसर पडला. आयुष्यात एकदाच कागद सोडून माणसाकडे बघितलं आणि तिथंच फसलो.

मेहुणीबाईंनी मात्र थाटीपुरातल्या एका खासगी लेडीज हॉस्टेलचं पत्र आणलं. केअरटेकर म्हणून सहा वर्षं. पत्र इतकं कोरं होतं की घडीसुद्धा पडलेली नव्हती. म्हणजे मी जी अट घातली तिनं नेमकं हिला बाहेर काढलं आणि मेहुणीबाईंना आत घेतलं. मेहुणीबाईंचं इतकं चांगलं माप मला ठरवूनही घेता आलं नसतं.

तरीही एक दार उघडं होतं. अर्जांची छाननी करायला तीन प्राध्यापकांची समिती बसली. मी सचिव म्हणून कोपऱ्यात. धुक्याचे दिवस, खोलीत हीटर, टेबलावर कचौऱ्या. हिचा अर्ज निघाला तेव्हा अध्यक्ष चष्मा वर करून म्हणाले, "अरे, ये तो अपने हॉस्टल वाली आंटी हैं. मेरी भतीजी इन्हीं के पास थी. ये तो केयरटेकर ही हैं न, बड़े बाबू?"

त्यांनी मला विचारलं. सरळ विचारलं. मी 'हो' म्हटलं असतं आणि त्यांनी ते टिपून घेतलं असतं, तर पुढे काही झालं असतं की नाही कुणास ठाऊक, पण तिचं नाव त्या दिवशी कटलं नसतं. एवढं नक्की.

मी म्हणालो, "सर, रिकॉर्ड में अकुशल श्रमिक हैं."

"वो ठीक है. पर काम क्या करती हैं?"

"साफ़-सफ़ाई वग़ैरह, सर."

अध्यक्षांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कचौरीचा तुकडा मोडला आणि अर्ज उजवीकडच्या ढिगात ठेवला. तो अपात्रांचा.

का म्हणालो, हे मी स्वतःला किती प्रकारांनी समजावलं आहे. खरं कारण अगदी साधं आहे. 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, झाडणाऱ्यांच्या करारातली बाई मुलींच्या वसतिगृहाची केअरटेकर कुणाच्या हुकुमानं झाली? ते उत्तर मी. आणि माझी सहायक कुलसचिवपदाची बढती त्याच महिन्यात यायची होती. हे सगळं मनात यायला किती वेळ लागला असेल? कचौरी मोडायला लागतो तेवढा. पहिलं वाक्य तरी कागदाला धरून होतं. दुसरं माझं होतं. त्यातल्या 'वग़ैरह'चा मला जितकी किळस येते तितकी कशाचीच येत नाही. इतकी वर्षं ती जे करत होती ते सगळं मी त्या शब्दात गुंडाळून टाकलं. समिती उठल्यावर उरलेल्या कचौऱ्या शिपायानं शाखेत आणल्या आणि मी त्यातली एक खाल्ली. चांगली होती.

यादी लागल्यावर ती आली. आरडाओरडा नाही, काही नाही. समोर बसली.

"दादा, आत कुणी काय म्हणालं?"

"नियम आडवा आला."

"तुम्ही होतात ना आत?"

"होतो."

"मग ठीक. तुम्ही होतात म्हणजे माझ्या बाजूनं कुणीतरी बोललं तरी असेल." मग म्हणाली, "आता एक करा. अपील का काय म्हणतात ते लिहून द्या. तुमच्यासारखं कुणाला लिहिता येतं?"

रविवारी तिच्या खोलीत बसून मी तिचं अभ्यावेदन लिहिलं. पलंगावर बारावीची पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेले लोकरीचे मोजे. मी मनापासून लिहिलं, खोटं नाही सांगत. तिच्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "काका, ये पढ़के तो कोई भी मानेल. मम्मीला बघा, रडतेय ती." आई म्हणाली, "रडत नाहीये, कांदा चिरतेय," आणि आमच्यासमोर कांदा नव्हता.

पण त्या सुंदर अभ्यावेदनात एक गोष्ट मी घातली नाही. केअरटेकरचं काम तिला कुणी सांगितलं, ते. तिनं विचारलंही नाही. मी लिहितोय म्हटल्यावर सगळं आलंच असणार, असं ती धरून चालली.

चार-पाच दिवसांत ते अभ्यावेदन फिरून माझ्याच टेबलावर आलं. साहेब म्हणाले, "किसी ने अच्छा लिखा है. जवाब बना दो." आणि मी जवाब बनवला. आपण लिहिलेल्याला आपणच उत्तर देताना किती सोपं जातं. भिंतीत वीट कुठं सैल ठेवली आहे ते ठाऊकच असतं. 'आवेदिकेस केअरटेकरचा प्रभार कोणत्या आदेशान्वये देण्यात आला, याचा उल्लेख अभ्यावेदनात नाही, सबब अमान्य.' टाईप करणाऱ्या मुलानं वाचून म्हटलं, "सर, एकदम पक्का काटा है." मी त्याला एक स्वल्पविराम दुरुस्त करायला सांगितला.

माझी बढती त्याच सुमारास आली. घरी पेढे आले. मी देवापुढे ठेवले नाहीत. बायकोनं कारण विचारलं तर म्हणालो, विसरलो.

मग मेहुणीबाईंची नेमणूक झाली आणि खोली रिकामी करण्याचा आदेश निघाला. तो मी लिहिला नाही, पण माझ्याच शाखेतून गेला. मुलीच्या परीक्षा तोंडावर. त्या दिवशी मी गेलो ते नेमकं कशासाठी, मलाही सांगता येणार नाही. बहुतेक आपण गेलो होतो असं पुढे म्हणता यावं म्हणून. फाटकाशी टेंपो उभा होता, त्यात पलंगाच्या फळ्या. नवी बाई, म्हणजे मेहुणीबाई, आलेली, शालीत, चांगल्या घरची, थोडी भांबावलेली. ही तिला किल्ल्या देत होती आणि कोणतं कुलूप अडतं ते सांगत होती. मला पाहून तिनं त्या बाईला हिंदीत म्हटलं, "ये हमारे दादा हैं. कुछ भी अटके तो इनके पास जाना. अपने आदमी हैं."

मला तिथं उभं राहवेना. मी तिला बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं आणि सांगितलं. अध्यक्षांनी काय विचारलं, मी काय म्हणालो. अभ्यावेदनात काय गाळलं, जवाब कुणी लिहिला. मराठीत सांगत होतो, पण 'साफ़-सफ़ाई वग़ैरह' मात्र म्हटलं होतं तसंच सांगितलं. मराठीत ते जरा सौम्य झालं असतं.

ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं, शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं, मोकळं झालो असतो. मुलगी टेंपोपासून ओरडली, "मम्मी, कुकर कशात ठेवू?" तिनं ओरडून सांगितलं, "चादरीत गुंडाळ." मग माझ्याकडे वळली.

"हे मला का सांगताय?"

मी टाकीचा ठिबकणारा नळ घट्ट करू लागलो.

"मी काय काम करत होते ते मला माहीत आहे, दादा. मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"कुणाला?"

"ते तुम्ही शोधा. सगळे साहेबलोक तुमच्या ओळखीचे. माझ्या कोण ओळखीचं आहे? तुम्हीच होतात." आणि टेंपोकडे जाता जाता म्हणाली, "गुळपोळ्यांचा डबा तेवढा परत पाठवा. माझ्या आईचा आहे."

डबा मी दुसऱ्या दिवशी पाठवला. बाकीचं करायला मला वसंत पंचमीपासून होळीपर्यंतचे दिवस लागले. आधी वाटलं, साहेबांना भेटून तोंडी सांगावं. मग वाटलं, निवृत्तीनंतर सांगावं. घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "त्या पोळ्या तुम्ही खाल्ल्यात आणि मलाही खायला घातल्यात."

केअरटेकर म्हणून केलेलं काम मान्य व्हावं, असा दावा तिनं कामगार न्यायालयात लावल्याचं मला शाखेतूनच कळलं. फाईल माझ्याकडे यायची होती, विद्यापीठाचं उत्तर तयार करायला. मी साहेबांना लिहून दिलं की हे उत्तर मी करणार नाही, कारण या प्रकरणात मी साक्षीदार आहे. साहेबांनी बोलावून विचारलं, "तबीयत तो ठीक है?" मी म्हणालो, ठीक आहे. ते म्हणाले, "प्रमोशन तो हो गया न तुम्हारा. अब क्या चाहिए?" त्यांना खरंच कळत नव्हतं. आमच्याकडे कुणी काही हवं असल्याशिवाय बोलत नाही. आता माझ्यावर कारणे दाखवा नोटीस आहे. तिची भाषा ओळखीची आहे; तिचा नमुना मीच कधीतरी केला होता.

सराफा बाजाराजवळ एका जिन्यावर तिच्या वकिलाची खोली आहे. तिथं माझा जबाब घ्यायचा ठरला. ती आधीच येऊन बसली होती. थाटीपुरात भाड्याची खोली घेतली आहे, तिथूनच मुलगी पेपरला जाते, एवढं मला वकिलाकडूनच कळलं. वकील तरुण होता. माझी ओळख कळल्यावर म्हणाला, "सर, आप तो ख़ुद ही लिख दीजिए. आपसे अच्छा कौन लिखेगा?"

"नाही," मी म्हणालो. "मी तोंडी सांगतो. तुम्ही लिहा."

त्यानं माझं म्हणणं हिंदीत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यात होतं, की अमुक महिला माझ्या तोंडी आदेशाने महिला छात्रावासात 'कर्मचारी' म्हणून काम करत होती.

"केयरटेकर लिखिए," ती म्हणाली.

"दीदी, एक ही बात है. आगे तो समझा ही दिया है."

"एक बात नहीं है, वकील साहब."

वकिलानं माझ्याकडे पाहिलं. या खोलीत आता मला विचारायचं कारण नव्हतं. तरी मी म्हणालो, "केयरटेकर थीं. मैंने ही कहा था उनसे. कमेटी में भी मुझसे यही पूछा गया था, और मैंने झूठ बोला." त्यानं ते सगळं लिहिलं. झूठ हा शब्द लिहिताना जरा थांबला, मग लिहिला.

मी सही केली. तिनं कागद हातात घेऊन, ओळीवर बोट ठेवत, सगळा वाचला. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. तिनं कागद वकिलाला दिला, पर्स उचलली आणि विचारलं, "तारीख कधीची?" त्यानं सांगितली. मुलीचा दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राचा पेपर होता, म्हणून ती थांबली नाही. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी वकिलाला विचारलं, मला कधी यायचं. तो म्हणाला, "उसी तारीख़ को, सर. उधर वाले आपसे बहुत पूछेंगे." मी म्हणालो, विचारू देत.